शेवंतीचा धोंडा

माझ्या बायकोचं माहेर राजापूर. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिथे दोनदा गेलो. एकदा लग्नाला आणि एकदा सासऱ्यांच्या बाराव्याला. दोन्ही वेळेला गाव बघितलं नाही. लग्नात डोळ्यांसमोर मुंडावळ्या होत्या आणि बाराव्याला परतीच्या गाडीची घाई होती. यंदा माघात तिसऱ्यांदा जाऊन तीन दिवस राहून आलो. ती सोबत नव्हती. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं.

आमच्या घाटकोपरच्या चाळीत कोकणातली घरं पुष्कळ, पण राजापूर बघितलेलं माणूस नाही. म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे भांडुपच्या कारखान्यात मशीनला तेल घालण्यात जन्म गेला. जसं झालं तसं सांगतो.

आधी नदीचं सांगितलं पाहिजे. ती दर वैशाखात महिनाभर माहेरी जायची आणि परत आली की पंधरा दिवस तोंडात नदी. अर्जुना अशी, अर्जुना तशी. अर्जुनेच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, अर्जुनेच्या पाण्याने केस मऊ राहतात. माझं गाव खेडच्या डोंगरात. तिथे एक विहीर, ती होळीला तळ दाखवते. एकदा वैतागून म्हणालो, एवढी नदी प्यारी तर तिच्याशीच लग्न लावायचं होतंस. तर म्हणाली, नदी काही मला न्यायला आली नाही, तुम्ही आलात. यावर माणसाने काय समजायचं? मला त्या नदीचा तेव्हापासून राग. दुसरा पुरुष असता तर एवढा आला नसता. पुरुषाचं वय होतं, तो म्हातारा होतो. नदीचं काय होतं?

दुसरी गोष्ट, ती माहेरी गेली की माझा एक सदरा हरवायचा. दर वर्षी. दोरीवरून जात असेल म्हणून माझा संशय शेजारच्या पेडणेकरावर. त्याची नि माझी अंगकाठी सारखी. एका वर्षी निळ्या पट्ट्यांचा सदरा गेला तेव्हा मी त्याला सगळ्या गॅलरीसमोर चोर म्हणालो. ती परत आल्यावर सदरा ट्रंकेत सापडला, धुऊन घडी घातलेला. तुम्ही नीट बघत नाही, असं तिने मलाच सुनावलं. मग पेडणेकराला कुठल्या तोंडाने सांगणार? लाजेपायी मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही.

आता जायचं कारण. तिचा भाऊ वसंता राजापूरच्या बाजारात सुंभ, सुपं, टोपल्या विकतो. पौषात त्याचं कार्ड आलं. लिहिलं होतं की ताईचा नदीवरचा धुण्याचा धोंडा अजून रिकामा ठेवला आहे, बायका कुणाला बसू देत नाहीत. आता माझी नात आठ वर्षांची झाली, तिला द्यावा म्हणतो. आपली हरकत नसावी.

कार्ड मी तीनदा वाचलं. नदीच्या एवढ्या गप्पा ऐकल्या, त्यात धोंडा कधी आला नव्हता. अडतीस वर्षं नवरा मी, आणि माझ्या बायकोचा एक धोंडा आहे हे मला मेव्हण्याच्या कार्डावरून कळावं.

आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला नळ आहे. पहाटे पाणी येतं, दोन तासांत जातं. बादल्यांचे नंबर ठरलेले. तिचा तिसरा. तिचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तिसऱ्या जागेवर पेडणेकरांच्या सुनेची बादली. कुणी काही वाईट केलं असं नाही. जागा रिकामी झाली, भरली. माझी बादली शेवटी गेली. आणि तिकडे राजापुरात धोंडा सव्वा वर्ष रिकामा. माझ्या घरात तिची जागा चौदा दिवस टिकली नाही आणि त्यांच्याकडे बायका राखण करतात. माझ्या ताटातलं कुणी उचलून नेलं असं मला झालं.

मी उलट टपाली लिहिलं, हरकत आहे, येतो. एक जाड गोणपाट घडी करून पिशवीत टाकलं. धोंडा घाटकोपरला आणायचा आणि नळाशेजारी मांडायचा, हे ठरवूनच निघालो.

पहिला दिवस, बाजार

एसटीचा स्टँड वर हमरस्त्याला आणि बाजार खाली, नदीच्या पोटाशी. सकाळच्या थंडीत उतार उतरताना गुडघे कुरकुरत होते, पण खालून लाल कौलं दिसायला लागली आणि मी दुखणं विसरलो. गाव देखणं आहे. हे लिहायला मला आवडत नाही, पण आहे.

जुन्या काळी खाडीतून गलबतं थेट बाजारापर्यंत यायची. इंग्रजांची वखार होती, त्याआधी आणखी कुणाकुणाचा व्यापार होता. आता गाळ भरला, गलबतं बंद झाली, राहिला तो बाजार. अरुंद गल्ल्या, समोरासमोर दुकानं, एका दुकानातून तंबाखूचा वास तर दुसऱ्यातून सुक्या मासळीचा. लोक बोलतात ते रेल्वे येणार म्हणून. कधी येणार ते कुणालाच माहीत नाही, पण प्रत्येकाने स्टेशन कुठे होणार ते ठरवून ठेवलं आहे.

वसंताचं दुकान सापडेना. चौकात केळीवाल्याला विचारलं, लक्ष्मीच्या भावाचं दुकान कुठे. त्याने मान हलवली. तांब्याची भांडी विकणाऱ्याला विचारलं, त्यालाही लक्ष्मी माहीत नाही. खरं म्हणजे वसंताचं नाव घेतलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं. पण गावाला ती किती आठवते ते मला बघायचं होतं. लग्नात तांदळात अंगठीने मी तिचं नाव लक्ष्मी लिहिलं होतं. रेशन कार्डावर लक्ष्मी, दवाखान्याच्या केसपेपरवर लक्ष्मी. इथे कुणाला पत्ता नाही. शेवटी पालेभाजी विकणारी एक म्हातारी म्हणाली, "मुंबईला दिलेली? म्हणजे आमची शेवंती ती. लक्ष्मी कुठली काढलीत?"

आमची. मीच तरी कुठे तिला लक्ष्मी म्हणायचो? अगं म्हणायचो. म्हणजे हिशेब केला तर ती या गावाची शेवंती होती आणि माझी अगं.

वसंताने भावोजी आले म्हणून दुकानाची एक फळी लावली आणि घरात नेलं. घर दुकानाच्या मागेच. इथल्या दुकानांची जोती छातीएवढी उंच. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली, दोन्ही नद्या बाजारात शिरतात, तेव्हा माल माळ्यावर चढवायचा आणि खाली पाणी फिरू द्यायचं. वसंताने भिंतीवर चुन्याच्या रेघा दाखवल्या, कुठल्या साली कुठवर. आमच्या घाटकोपरला नाल्याचं पाणी घरात आलं तर माणसं म्युनिसिपालिटीचा उद्धार करतात. इथे वसंता सांगत होता, यंदा दोनदा आली, दुसऱ्यांदा जरा जास्त थांबली. जशी काही मुलगी माहेरपणाला आली होती.

दुपारी जेवायला कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा. वसंताच्या बायकोने वाढलं. पिठीचा पहिला घास तोंडात गेला. तीच. लसणाची फोडणी जरा जळकी, आमसूल शेवटी टाकलेलं. सव्वा वर्ष मी म्हणत होतो की ही चव माझ्या घरातून कायमची गेली. खाणावळीत बसून मी तिच्या हाताची चव आठवायचो. ती तिच्या हाताची नव्हतीच. आळीतल्या सगळ्या बायका तशीच करतात. मी दोनदा मागून घेतली, आणि दोन्ही वेळेला मला वसंताचा राग आला. याला रोज मिळते.

दुसरा दिवस, नदीकाठ

सकाळी वसंताने दुकान बायकोवर सोपवलं आणि मला नदी दाखवायला निघाला. चौकातून कोदवलीच्या काठाने खाली यायचं, दोन नद्या मिळतात तिथवर जायचं, मग अर्जुनेच्या काठाने वर पुलापर्यंत आणि पुलाखालून बायकांच्या घाटापर्यंत. रमतगमत तासाभराची वाट. दाट सावली आहे. उंबर आहेत, करंज आहेत, मध्ये मध्ये माड. पाणी स्वच्छ, तळाचे गोटे मोजून घ्यावेत एवढं. पुलाच्या अलीकडे जुन्या धक्क्याचे चिरे अजून दिसतात, त्यावर आता शेळ्या बसतात.

वसंता चांगला माणूस आहे, पण त्या सकाळी मला नको झाला. दर दहा पावलांवर त्याच्याकडे तिची गोष्ट. या उंबरावरून ताई पडली. या खडकाखाली ताईने खेकडा पकडला आणि खेकड्याने ताईला पकडलं. इथे पुरात वाहून चाललेलं कुणाचं तरी वासरू ताईने परकर धरून ओढलं. मी ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. माझ्याकडे ती आली तेव्हा पंधरा वर्षांची, खाली मान घालून चूल पेटवणारी पोरगी. झाडावर चढणारी, वासरू ओढणारी मला कुणी दिलीच नाही. ती इथेच ठेवून घेतली या लोकांनी.

मग मीही एक काढली. म्हणालो, रेशनच्या दुकानदाराने तुझ्या ताईला ओले तांदूळ दिले तेव्हा तिने काय केलं माहीत आहे? वसंताला माहीत नव्हतं. तिने पिशवी त्याच्या तराजूत उलटी केली आणि म्हणाली, आधी वाळव, मग मोज. आणि तांदूळ वाळेपर्यंत दुकानाच्या दारात बसून राहिली, मागे वीस माणसांची रांग. वसंता हसता हसता वाटेत उभा राहिला. ताईने हे सांगितलं नाही कधी, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं. पुढची शंभर पावलं मी झपाझप चाललो.

ते बरं वाटणं टिकलं नाही. समोरच्या काठावर एक म्हातारा आणि म्हातारी लुगडं पिळत होती. नऊवारी, ओलं, जड. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. ती उजवीकडे पीळ देत होती, तो डावीकडे. पाणी गळून झालं तसं दोघांनी दोन टोकांनी ते झटकलं, चालत चालत जवळ आली, घडी घातली, पुन्हा लांब गेली, पुन्हा जवळ आली. मी उभा राहून बघत होतो. वसंता म्हणाला चला भावोजी. मला पाय उचलवेना. माझ्या कपड्यांतलं काळं तेल काढता काढता तिची बोटं चिरायची. अडतीस वर्षांत मी तिच्या पातळाचं एक टोक धरलं नाही. त्या म्हाताऱ्याला नदीत ढकलावं असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला लिहू.

घाटावर आलो. घाट म्हणजे पायऱ्या नाहीत, काठाला आडवी पसरलेली खडकाची पाठ आणि तिच्यापुढे पाण्याला लागून ओळीने काळे धोंडे. पंधरावीस बायका धूत होत्या. एका आवाजात धोपटणं चाललं होतं आणि दुसऱ्या आवाजात गप्पा. ओळीच्या मधोमध एक धोंडा कोरडा.

वसंताने रीत सांगितली. त्यांच्या आळीत मुलगी आठ वर्षांची झाली की अक्षय तृतीयेला घरातली बाई तिला नदीवर आणते, धोंड्याला हळदकुंकू लावते, आणि पोर पहिल्यांदा स्वतःचा परकर स्वतः धुते. मग तो धोंडा तिचा. लग्न होऊन गेली तरी तिचाच. माहेरी येईल तेव्हा तिथेच बसणार. ती नसताना कुणी नवखी बाई बसली तर तिला उठवतात. मेली की वर्षभर रिकामा आणि मग घरातल्या पुढच्या मुलीला.

बायकांनी आमच्याकडे बघितलं, आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या सदऱ्याकडे. आपसात काहीतरी कुजबुजल्या आणि खुदखुदल्या. मला वाटलं प्रवासात काही सांडलं असेल, म्हणून मी खाली बघून घेतलं. काही नव्हतं. त्यांच्यातली एक, माझ्या बायकोच्या वयाची, मात्र हसत नव्हती. वसंता म्हणाला, ही तारा, ताईची लहानपणची मैत्रीण, शेजारच्याच धोंड्यावरची. तिनेच सव्वा वर्ष कुणाला बसू दिलं नाही. मी नमस्कार केला. मनात म्हणालो, तू कोण राखणारी.

त्याच दिवशी दुपारी

दुपारी घाटावर कुणी नसतं. जेवून वसंता आडवा झाला. मी त्याच्या दुकानातून सुंभाची दोन वेटोळी घेतली, परसातली पहार घेतली, माझं गोणपाट काखेत मारलं आणि सकाळच्या वाटेने एकटा गेलो.

धोंडा वरून दिसतो पाटाएवढा. मी म्हटलं, दोन हातांत मावेल. कडेला पहार घातली, हलेना. दुसरीकडून घातली, वाळू निघाली, धोंडा नाही. चड्डी आवरून पाण्यात उतरलो आणि खालून हात घालून बघितलं तेव्हा कळलं. वरचं ते नुसतं टोक. खाली तो गुडघाभर जाऊन खडकालाच लागला होता. तरी मी सोडला नाही. शहाण्या माणसाने सोडला असता. मी सुंभ गुंडाळला, दोन्ही पाय रोवले, जोर लावला, शेवाळावरून पाय सटकला आणि मी छातीपर्यंत चिखलपाण्यात बसलो.

"काय चाललंय वो भावोजी?"

वर तारा उभी. हातात घासायची भांडी.

मी तसाच बसून सांगितलं, "माझ्या बायकोचा धोंडा आहे. घेऊन चाललोय."

"कशावरून?"

"एसटीच्या टपावरून."

तिने भांडी खाली ठेवली आणि आपल्या धोंड्यावर बसली. म्हणाली, "आधी ती पहार लांब ठेवा. पायावर पडली तर तुम्हालाच टपावरून न्यायची पाळी येईल."

मला हसू आलं नाही. उलट इतके दिवस जे कुणाला बोललो नव्हतो ते सगळं त्या बाईपुढे बाहेर पडलं. वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलापुढेही नव्हतो बोललो. म्हणालो, तुमच्याकडे सगळं आहे. नदी आहे, नाव आहे, तिच्या हातची पिठीसुद्धा आहे. ती पडली ते झाड उभं आहे अजून. माझ्याकडे दहा बाय बाराची खोली आणि नळावरचा तिसरा नंबर, तोही गेला. तिची पातळं मी चौदाव्या दिवशी वाटून टाकली, कारण तसंच करतात म्हणाले. ती दर वैशाखात यायची ती तुमच्यासाठी. अकरा महिने माझ्याकडे दिवस काढायची आणि एक महिना इथे जगायची. हा धोंडा तरी मला पाहिजे.

ताराने एक भांडं घासायला घेतलं. मग तिने भलतंच विचारलं. "तो निळ्या पट्ट्यांचा सदरा आहे काय अजून? खिशाखाली तेलाचा डाग होता तो?"

मी म्हणालो, आहे. तुम्हाला काय ठाऊक?

"आख्ख्या घाटाला ठाऊक आहे. दर साली एक आणायची. पट्ट्यांचा, मग तो खाकी, एकदा कॉलर फाटलेला पांढरा. तुम्हाला आम्ही तोंडाने ओळखत नाही, सदऱ्याने ओळखतो. सकाळी पोरी हसल्या त्या म्हणूनच. म्हणाल्या, आज सदऱ्यात माणूस पण आहे."

मी पाण्यात बसल्या बसल्या गार झालो.

मग तिने सगळं सांगितलं, तेही सावकाश, भांडी घासत घासत. शेवंती आली की वळकटीत नवऱ्याचा एक न धुतलेला सदरा असायचा. आल्या दिवशी धूत नसे. महिनाभर तो वळकटीतच. रात्री वळकटी उशाला. जायच्या आदल्या दिवशी घाटावर आणायची, या धोंड्यावर धुवायची, खडकावर वाळवायची आणि घडी करून नेत असे. बायका चिडवायच्या, शेवंते, मुंबईत पाणी मिळत नाही काय. ती म्हणायची, मिळतं, पण नळाचं.

"मी एकदा म्हटलं, अगो वळकटीला वास मारतो, आल्या आल्या बुचकळून टाक. तर म्हणाली, येऊ दे."

एका वर्षी ताराच्या सुनेने आपल्या कपड्यांबरोबर धुऊन टाकावा म्हणून तो सदरा उचलला, तर शेवंतीने तिच्या हातातून हिसकून घेतला. निघेपर्यंत सुनेशी धड बोलली नाही. तारा म्हणाली, एवढी भांडखोर नव्हती ती, पण सदऱ्याला हात लावू द्यायची नाही कुणाला.

तेव्हा मला पेडणेकर आठवला. चार महिने मी त्याच्याशी अबोला धरला, तोंडावर चोर म्हणालो, आणि माहेरून परतल्यावर माझी बायको समोर भाकरी थापत ती सगळी हकीकत ऐकत होती. एका शब्दाने बोलली नाही. मला राग यायला पाहिजे होता. आला पण, थोडा. मग दुसरं काहीतरी आलं ते मला लिहिता येत नाही. मी नदीवर जळत होतो आणि ती नदीवर बसून दुसरीच्या हातातला माझा सदरा ओढत होती. म्हणजे जळण्यातही ती माझ्या पुढेच.

तारा उठली. म्हणाली, "काढा तो सदरा. चिखल वाळला तर निघणार नाही. द्या इकडे."

तिने हात पुढे केला. मी सदरा काढला, पण दिला नाही.

तिला ते समजलं असावं. तिने बाजूच्या कोरड्या धोंड्याकडे मान केली. "मग बसा तिथे."

मी म्हणालो, बायकांचा घाट आहे.

"दुपारी कुणाचा नसतो. बसा."

मी बसलो. माझी बायको डावखुरी होती. लिहायची नाही, पण धोपटायची, लाटायची, मारायची डाव्या हाताने. धोंडा डाव्या अंगाला खोलगट झाला होता, वाटीसारखा, गुळगुळीत. मी उजव्या हाताचा, त्यामुळे सदरा सारखा घसरत होता. घाटावर कुणाचा तरी राहिलेला साबण होता, तो सुटून पाण्यात गेला तेव्हा ताराने पकडला. तिने दोनदा सांगितलं, आपटू नका, चोळा. सव्वा वर्ष मी घरी कपडे धुतो म्हणजे बादलीत बुडवून काढतो. त्या दिवशी पहिल्यांदा धुतला. पिळताना तारा पुढे होऊन एक टोक धरणार होती. मग थांबली आणि भांडी उचलून चालती झाली. मी एकट्याने पिळला. नीट पिळला गेला नाही.

पहार वाहून गेली नाही एवढं नशीब. गोणपाट मात्र गेलं.

निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळी घावणे खाताना मी वसंताला म्हणालो, धोंडा पोरीला दे. अक्षय तृतीयेलाच दे. पण त्याच्या आदल्या दिवशी मला घाटावर दुपार लागेल. मी येईन.

त्याने का ते विचारलं नाही. सुंभाची दोन वेटोळी ओली का झाली हेही विचारलं नाही. बायकोला म्हणाला, भावोजी वैशाखात येणार आहेत. तिने मला आमसुलांची पुडी बांधून दिली आणि पिठीत आमसूल कधी टाकायचं ते पुन्हा सांगितलं. मी नीट ऐकून घेतलं.

स्टँडकडे चढ चढताना एकदा मागे वळून नदी बघितली. उन्हात चमकत होती. तिचं काही गेलेलं नाही, हे मला अजून सहन होत नाही.

घाटकोपर

येऊन आता तीन आठवडे झाले. पहिल्या संध्याकाळीच अर्धी आमसुलं घेऊन पेडणेकराकडे गेलो. त्याच्याकडे रंगीत टीव्ही आला आहे, तो त्याने बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे चोर तुझ्याच घरात होती ना रे."

म्हटलं, हो रे. पकडली गेली नाही, तुझ्यापेक्षा हुशार निघाली.

नळावर तिसऱ्या जागेवर सुनेची बादली दिसते तेव्हा अजून पोटात दुखतं. पिठी करून बघितली, फोडणी जास्त जळली. निळ्या पट्ट्यांचा सदरा ट्रंकेतून काढला, दोन दिवस घातला आणि खुंटीवर टांगला आहे. परवा पेडणेकरवहिनी पीठ मागायला आल्या, त्यांची नजर गेली. म्हणाल्या, भाऊजी, द्या तो, माझ्या कपड्यांत धुऊन टाकते. मी नको म्हणालो. वैशाखाला अजून दोन महिने आहेत, खोलीला वास येईल, म्हणाल्या.

मी म्हणालो, येऊ दे.